एका कोटाचा गोतावळा

ग्रंथपालबाईंनी स्पर्धेची सहावी कथा मिटली आणि कपाळाला हात लावला. कचेरीतलं वाचनालय वाचावं म्हणून त्यांनीच ही कथास्पर्धा काढली होती. "इथे काळं कुत्रं वाचत नाही, बाई," असं साहेब म्हणाले होते. "त्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवू. नाहीतर वाचणारे दाखवा!"

कथा आल्या, बिननावाच्या, पण एकाच मुशीतल्या. पहिलीत गरीब कारकुनाची नवी छत्री चोरीला, दुसरीत नवी सायकल, तिसरीत नवी कवळी. मालक झुरून मरतो आणि भूत होऊन आपली वस्तू मागत फिरतो. कवळीवाल्या भुताला सगळे घाबरले, पण ते मागतंय काय ते कुणालाच कळेना.

बाईंनी ओळखलं. वाचनालयात एक जुनी रशियन लघुकादंबरी होती: गरीब कारकून, पोटाला चिमटा घेऊन शिवलेला कोट, चोरी, भूत. "न्या हो, पातळ आहे," म्हणत बाईच ती येईल त्याच्या हातात कोंबत. आता भोगा!

तेवढ्यात साहेब आले. बाई गठ्ठा लपवेपर्यंत त्यांनी उभ्याउभ्या तीन कथा चाळल्या.

"बाई, ही स्पर्धा आहे की चोरबाजार? सगळा माल एकाच घरातून उचललेला!"

बाईंचा चेहरा पडला. आणि पडता पडता उजळला.

"साहेब, उचलला म्हणजे आधी वाचला ना? आणि मोठमोठ्या लेखकांनीसुद्धा त्या रशियन पुस्तकातल्या कोटाच्या कापडातून आपापले सदरे बेतलेत. आपल्या माणसांनी टोपडी शिवली, तर बिघडलं कुठे?"

साहेबांनी गठ्ठा खाली ठेवून हात पुढे केला. "बघू ते पुस्तक."

फळीवर पुस्तकाच्या जागी नुसती फट. बाईंनी फटीत हात घालून पाहिला. "अगंबाई! तेही चोरीला?"

साहेब खाकरले. "चोरीला कशाला? माझ्या खणात आहे. म्हटलं, बघावं तरी."

बाईंनी हळूच सहावी कथा उघडली. ह्या एकाच कथेत कारकून नव्हता. एका साहेबांची नवी फिरती खुर्ची चोरीला गेली होती आणि त्यांचं भूत साऱ्या कचेरीला उठवून एकेकाच्या खुर्चीत बसून बघत होतं.

बाईंनी कथा मिटली. त्यांनी त्या फटीकडे बघून मनोमन हात जोडले. कुठला कोण रशियन, पण वेळेला धावून आला!

"मग मोडक्या खुर्च्या कुठे ठेवायच्या, साहेब?"

"जिन्याखाली," साहेब पुटपुटले आणि दारापर्यंत जाऊन घुटमळले. "बाई, ती खुर्चीची गोष्ट... उत्तेजनार्थ तरी?"

"आधी पुस्तक आणून द्या," बाई म्हणाल्या. "बाहेर चारजण थांबलेत."