सरोदे काकांचा ठराव

सरोदे काकांना नुसतं चहाला बोलावलं तरी ते दारातच विचारतात, "अध्यक्षस्थानी कोण?" आमच्या घरात हा प्रश्न नाजूक आहे. नवरा माझ्याकडे बघतो, मी बिस्किटांकडे.

काका आमचे इथले, इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकचे शेजारी. तीस वर्षं त्यांनी एका सरकारी कचेरीत बैठकांची मिनिट्स, म्हणजे इतिवृत्तं, लिहिली. रिटायर झाल्यावर माणसं गुलाब लावतात, नाहीतर क्रूझवर जातात. यांनी ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या परिषदा धरल्या. स्वतः बौद्ध; चर्चमध्ये गेले असतील तर जुन्यापुराण्या वस्तूंच्या जंबल सेलला. पण सतराशे वर्षांपूर्वी निकियाला जमलेल्या बिशपांचं भांडण ते असं सांगतात, जणू काल आमच्याच गल्लीत पार्किंगवरून झालंय.

"देवाचं सोड गं, वर्षा. मीटिंग बोलावली कोणी? रोमच्या सम्राटाने. प्रवासाची सोय कोणाची? सम्राटाची. मधोमध सोन्याच्या खुर्चीत बसलं कोण? आणि मग म्हणे ठराव मंजूर! सही केली नाही ते थेट हद्दपार. याला कन्सेन्सस म्हणतात होय?"

आमच्या मराठी मंडळाला त्यांचा भारी जाच. 'सर्वानुमते' म्हटलं की यांचा हात वर. कोजागरीला मसाला दूध ठेवायचं, यालाही त्यांनी एकट्याने विरोध केला. "नोंदवा," म्हणाले. नोंदवला. मग दोन कप दूध प्यायले.

घरात मात्र त्यांच्याशी वाद घालायला कोणी नाही. काकू दहा वर्षांपूर्वी गेल्या. एकुलती मीरा मँचेस्टरला असते, ती नऊ वर्षांत एकदाही आलेली नाही. का, ते आम्ही कोणी विचारलं नाही. दर डिसेंबरात काका तिच्या खोलीतला हीटर लावतात आणि जानेवारीत बंद करतात. मला ते बघवत नाही.

परवा रविवारी दुपारी मी आमटी द्यायला गेले. बाहेर भुरभुर चालू होती, आत दिवा लावलेला नव्हता. काकांनी एक फाइल माझ्यापुढे सरकवली. टाइप केलेली मिनिट्स. विषय : मीराचं लग्न. मुलगा इंग्रज, घटस्फोटित, दहा वर्षांनी मोठा. अध्यक्ष : स्वतः काका. उपस्थित : दोन चुलते, एक आत्या. ठराव : लग्नास नकार, सर्वानुमते. खाली सगळ्यांच्या सह्या. मीराच्या नावापुढे लिहिलं होतं, 'गैरहजर'.

"कुठे गेली होती ती?" मी विचारलं.

"समोरच बसली होती. रडत होती. सही करेना, म्हणून मी तसं लिहिलं. त्याच संध्याकाळी बॅग घेऊन गेली." काकांनी चष्मा काढून पुसला. "तीस वर्षांच्या नोकरीत खोटं मिनिट एकदाही लिहिलं नाही मी. लिहिलं ते घरात."

इतकी वर्षं मी या माणसाच्या नकला करून मैत्रिणींना हसवलं होतं. माझी मलाच लाज वाटली.

"हद्दपार केलेल्यांना सम्राटाने पुढे परत बोलावलं, वर्षा. मी आपला ती येईल म्हणून बसून राहिलो."

"मग बोलवा ना, काका. आत्ता लावा फोन."

नंबर लावताना त्यांच्याकडून स्पीकर चुकून चालू झाला. तीन रिंगनंतर तिने उचलला.

"बाबा?" आवाज घाबरलेला. "व्हॉट्स हॅपन्ड? कोण गेलं?"

नऊ वर्षांनी बापाचा फोन आला म्हणजे कोणीतरी मेलंच असणार, असं वाटलं तिला. काकांनाही ते कळलं. क्षणभर वाटलं, आता ठेवतात फोन.

"कोणी नाही गेलं, बाळा," ते म्हणाले. "तू त्या दिवशी हजर होतीस. मी चुकीचं लिहिलं."

पलीकडे बराच वेळ ट्रामचा आवाज येत राहिला. तिने फोन ठेवला नाही.