सातवी डबी

पोटातले जंत कसे पसरतात, यावर श्रेयाचा एमएस्सीचा प्रकल्प होता. त्यासाठी तिने बिडकीनच्या एका वस्तीतून शौचाचे नमुने गोळा केले. सहा डब्या भरून मिळाल्या. सातवी तिथल्या मेंढ्या राखणाऱ्या बानाबाईने कोरीच परत केली. "असलं काय लोकांच्या हातात देतेत व्हय?" तुलनेसाठी एक निरोगी नमुना हवाच होता, म्हणून श्रेयाने त्या डबीत स्वतःचा भरला. ती घरी उकळलेलं पाणी प्यायची, त्यामुळे तिला स्वतःबद्दल खात्री होती.

सहा नमुन्यांत काहीच निघालं नाही. सातव्यापाशी मात्र तिचे मार्गदर्शक सांडू सर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले, ते उठेचनात.

"गोल जंताची अंडी," ते शेवटी म्हणाले. "पुस्तकात असतात तश्शी. इकडं या सगळे."

सगळा वर्ग रांगेने बघून गेला. काहींनी फोटोही काढले.

"कुणाचा नमुना गं?"

श्रेयाचे कान तापले. तिच्या तोंडून निघून गेलं, "बिडकीनच्या बानाबाईंचा."

"मग नुसता अभ्यास करून कसं चालेल? त्यांना सांगायला पाहिजे. उद्या जाऊ."

"त्या मेंढ्या घेऊन लांब गेल्यात, सर."

सरांनी बिडकीनला ओळखीच्या माणसाला फोन लावला. बानाबाई घरीच होत्या.

दुसऱ्या दिवशी सर ओट्यावर बसून नखं, हात, भाजी धुणं असं सगळं समजावू लागले. शेजारपाजारचे जमले. एका बाईने बानाबाईच्या मांडीवरचं आपलं लेकरू हळूच उचलून नेलं. ते बघून श्रेयाला मान वर करवेना.

"पन साहेब," बानाबाई म्हणाली, "म्या तर डबी कोरीच वापस दिली व्हती. इचारा ह्या पोरीला."

सरांनी श्रेयाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"तो नमुना माझा आहे," श्रेया म्हणाली. "मावशी, मी खोटं बोलले. लई चुकलं माझं."

बानाबाईने गुडघ्यावर हात टेकले. मग उठता उठता म्हणाली, "बस. च्या टाकते. तवर हात तेवढे धुऊन घे."

परतताना गाडीत श्रेया खिडकीकडे तोंड करून बसली. बऱ्याच वेळाने सरांनी विचारलं, "बाहेर खातेस कुठं?"

"विभागासमोरच्या गाड्यावर, सर. भेळ. वरून कच्ची कोथिंबीर."

"रोज?"

"रोज. तुमच्या शेजारीच उभी असते की."

सरांचा हात नकळत स्वतःच्या पोटावर गेला.

सकाळी प्रयोगशाळेत ते सगळ्यांच्या आधी हजर होते. श्रेया आल्यावर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक डबी तिच्यासमोर ठेवली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "आमच्या शेजाऱ्यांचं आहे. जरा बघून ठेव."

श्रेयाने शेजाऱ्यांचं नाव विचारलं नाही.