त्रेसष्ट सह्यांचा अर्ज

राजमाची कॉलेजचा फुटबॉल संघ ओळीनं नववी मॅच हरला, तीही सात-शून्यनं, आणि मैदानाच्या फाटकासमोर शकुबाईच्या चहाच्या टपरीवर कोचला काढायचा विषय निघाला. कोच म्हणजे विकास सर. दिवसा कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावायचे, संध्याकाळी मुलांना फुटबॉल शिकवायचे.

"काढायलाच पायजे," आदिनाथ म्हणाला. तो लोणावळा ते पवनानगर जीप चालवायचा. पंचवीस वर्षांपूर्वी याच कॉलेजकडून तो फॉरवर्डला खेळला होता आणि तेव्हा गोलमध्ये उभा असायचा हाच विकास. त्यामुळे आपल्याला बोलायचा जास्त अधिकार आहे, असं त्याला वाटायचं. "सातवा गोल झाला तवा त्यो कुटं बघत हुता, म्हाईतेय? डोंगराकडं!"

"इंजिन थकलं की यार्डात घालावं," रखमाजी आबांनी मान हलवली. आबा खंडाळ्याचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. जगातली प्रत्येक गोष्ट ते रेल्वेच्या हिशेबानं बघायचे.

"गप बसा," शकुबाई म्हणाली. "बायको जाऊन चार म्हैनं झालं न्हाईत त्याच्या. आन तुमी हितं त्याला यार्डात घालताय."

"त्याचं आमालाबी वाईट वाटतंय, मावशी," आदिनाथ म्हणाला. "म्या दहाव्याला गेलतो. पर पोरांनी किती दिस मार खायचा?"

शेवटी मतं घेतली. टपरीवर बारा जण होते. सात म्हणाले काढा, चार म्हणाले ठेवा, आणि एकानं मतदान होईपर्यंत भजी संपवली. प्राचार्य मॅडमना अर्ज द्यायचं ठरलं. आदिनाथनं तिथंच बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर मजकूर लिहिला : 'कोच बेकार आहे. नऊ मॅच हरला. त्याला काढा. नायतर आम्ही मॅच बघायला येणार नाही.' आबांनी वाचून सांगितलं की याला अर्ज म्हणत नाहीत, याला धमकी म्हणतात.

दुसऱ्या दिवशी जीप भरत असताना आदिनाथला पप्पू दिसला. पप्पू चिक्कीच्या दुकानात कामाला. आदल्या दिवशी दुकानात गर्दी होती म्हणून तो मॅचला आला नव्हता. आदिनाथनं घडी घातलेला कागद त्याच्या हातात कोंबला.

"नेहमीच्या माणसाकडनं चांगल्या भाषेत लिहून आण. माजं नाव सांग."

आदिनाथचा नेहमीचा माणूस वडगावला कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देत बसायचा. पप्पूचा नेहमीचा माणूस दोन दारं सोडून राहायचा. गल्लीतल्या लोकांचे मीटरचे, रेशनचे, दाखल्यांचे सगळे अर्ज तोच लिहायचा. पप्पूनं घडी न उघडता कागद नेऊन विकास सरांना दिला. "आदिनाथभाऊंचा अर्ज हाय," एवढंच सांगितलं आणि दुकान गाठलं.

दोन दिवसांनी सकाळी पाकीट आलं. आदिनाथनं स्टिअरिंगवर ठेवूनच पहिल्या तीन ओळी वाचल्या. 'माननीय प्राचार्य महोदया, सविनय निवेदन असे की' हे शब्द बघूनच त्याचा ऊर भरून आला. पुढचं वाचायला वेळ नव्हता. पुठ्ठ्याला चिमटा लावून त्यानं अर्ज मागं सरकवला.

"सह्या करा रं समद्यांनी. आपल्या सगळ्यांच्या भल्याचं हाय."

दुधिवऱ्याच्या खिंडीपर्यंत पंधरा सह्या झाल्या. दिवसभराच्या फेऱ्यांत त्रेसष्ट. कशाचा अर्ज, असं एकानंही विचारलं नाही. कारण फाट्यावर उन्हापावसाला शेड हवी, ही लोकांची आठ वर्षांची मागणी होती, आणि सगळ्यांना वाटलं, आदिनाथनं अखेर मनावर घेतलं. दुपारच्या फेरीनंतर अर्ज कॉलेजच्या ऑफिसात पोचला. स्नेहल नावाच्या क्लार्क बाईंनी त्याच्यावर शिक्का मारून पोच दिली. एक झेरॉक्स घेऊन आदिनाथ विजयी मुद्रेनं टपरीवर आला.

"वाचा आबा. मोठ्यांदा."

आबांनी चष्मा लावला. "'समर्थकांच्या मते संघ या हंगामात नऊ सामने हरला आहे. प्रत्यक्षात अकरा. दोन सामने परगावी झाल्याने समर्थकांच्या लक्षात नाहीत.'"

"वा!" आदिनाथ म्हणाला. "काय अभ्यास हाय माणसाचा!"

"'मुलांचा यात दोष नाही. गोलरक्षक आकाश यास उंच चेंडूंचा सराव द्यायला हवा होता, तो प्रशिक्षकांनी दिला नाही. जून ते ऑगस्ट प्रशिक्षक रोज साडेचारला मैदान सोडून तळेगावच्या दवाखान्यात जात होते. हे त्यांनी कोणास सांगितले नाही. सांगितले असते तर मुलांना दुसरा माणूस मिळाला असता.'"

आबा थांबले. विकासची बायको हिरी गेली हे सगळ्यांना माहीत होतं. तीन महिने दवाखान्यात होती, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"'आता प्रशिक्षक वेळेवर येतात, पण त्यांचे लक्ष नसते. मुले त्यांच्याकडे बघतात आणि ते आकाशाकडे बघत असतात.'" आबांनी चष्मा काढला. "म्हंजे गोलकीपरकडं का वर ढगाकडं?"

"वडगावच्या माणसाला हे कसं कळलं?" आदिनाथनं हळूच विचारलं.

शकुबाईनं हात पुसले आणि झेरॉक्स ओढून घेतली. तिला वाचता येत नव्हतं, पण टपरीच्या परवान्याचा अर्ज तिनं प्लॅस्टिकमध्ये घालून खिळ्याला टांगला होता. तिनं दोन्ही कागद शेजारी धरले.

"माज्या नावातला 'श' बघा. शेपटी कशी वर वळलीय. आन हितं 'प्रशिक्षक' का काय, त्यातबी तसाच हाय." ती मटकन बाकावर बसली. "आरं द्वाडांनो, हे त्यानंच लिवलंय."

तेवढ्यात पप्पू चहाला आला. "मंग? विकास सरच लिहितात की समदे अर्ज. का, चुकलं काय?"

आदिनाथ उठला तो थेट कॉलेजात. मागून आबा, त्यांच्यामागून पप्पू.

"मॅडम, त्यो अर्ज परत द्या."

"आवक झाला," स्नेहलबाई म्हणाल्या. "नंबर पडला. मागे घ्यायचा असेल तर तसा अर्ज द्या. आणि ज्यांच्या सह्या आहेत, त्यांच्या सगळ्यांच्या सह्या आणा."

नवा अर्ज लिहायला कुणाकडं जायचं, हा प्रश्न तिघांनाही एकदम पडला आणि तिघांनीही एकमेकांकडं बघणं टाळलं. शेवटी आबांनीच लिहिला : 'मागील अर्ज रद्द समजावा. चुकीचा सिग्नल पडला होता.'

दुसऱ्या दिवशी तो पुठ्ठा घेऊन आदिनाथ पुन्हा सह्या मागू लागला.

"अर्ज मागं घ्यायचाय," त्यानं सांगितलं.

मागं सरकवलेला पुठ्ठा तसाच परत पुढं आला. मग पवनानगरची एक म्हातारी म्हणाली, "का रं? कुणाचा फोन आला तुला?"

"फोन न्हाई मावशी, चूक झाली."

"चूक? आठ वर्सं उनात उभं ऱ्हायलोय आमी. शेड पायजे म्हंजे पायजे!"

"मावशी, ती शेड न्हवती. फुटबॉलचा कोच हुता!"

"मंग आमच्या शेडचं काय?"

फसवून सह्या घेतल्या म्हणून निम्मी जीप खिंडीतच उतरायला निघाली. त्रेसष्टांपैकी पाच जणांनी सही केली, त्यात एक आदिनाथचा सख्खा मेहुणा होता. बाकीच्यांनी दोन दिवस दुसरी जीप धरली. तरी पाच सह्यांनिशी तो अर्ज आदिनाथनं ऑफिसात देऊन टाकला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आदिनाथ विकासच्या खोलीवर गेला. दार उघडंच होतं. विकास चुलीवरचं पातेलं उतरवावं तशा काळजीनं स्टोव्हवरून दूध उतरवत होता. पवनेच्या वरच्या वाडीत वाढलेला माणूस, तिथली सवय गेली नव्हती.

"विक्या, मला म्हाईत न्हवतं रं तुज्याकडं कागद आलाय."

"मला ठाऊक हाय. तुजं अक्षर वळखलं म्या. 'बेकार'ची वेलांटी चुकलीय, तीबी वळखली."

"बेकारला वेलांटी कुटं असती?"

"तेच तर."

दोघंही हसले, आणि हसू लवकर संपलं.

"फाडून टाकायचास," आदिनाथ म्हणाला. "वर चांगल्या भाषेत लिहून देतोस?"

"फाडणारच हुतो. मंग म्हणलं, ह्यात लिवलंय ते खरं हाय, फक्त अर्धंच हाय. पुरं करावं." विकासनं दूध दोन कपांत ओतलं. "पोरांना म्हणायचो, मला दाताचं दुखणं हाय, म्हणून लवकर जातो. तीन म्हैनं दात दुखत हुता माजा. हिरीच म्हणाली हुती, कुणाला सांगू नका, लोकं येत्याल आन माज्याकडं बघत बसत्याल. ती गेल्यावर सांगायला तोंड न्हवतं. तुजा कागद आला, बरं वाटलं. कुणीतरी विचारलं तरी."

आदिनाथ दूध प्याला. मग दोन्ही कप त्यानंच विसळून ठेवले.

सोमवारी प्राचार्य मॅडमनी दोघांनाही बोलावलं. समोर दोन्ही अर्ज होते.

"असा मुद्देसूद अर्ज मी वीस वर्षांत वाचला नाही," त्या म्हणाल्या. "विकास, तुम्हाला विश्रांती हवी होती, ती मी आधी द्यायला हवी होती. या हंगामापुरतं तुम्ही फक्त ग्रंथालय बघा."

"मॅडम, आमी अर्ज मागं घेतलाय," आदिनाथ घाईनं म्हणाला.

"हो, वाचला. चुकीचा सिग्नल. पण चार मॅचेस राहिल्यात आणि मुलांना कोण बघणार? तुम्ही इथले जुने खेळाडू, शिवाय तुमच्यामागे त्रेसष्ट लोक आहेत. तुम्हीच बघा."

आदिनाथनं नाही म्हणायला तोंड उघडलं. विकास त्याच्याकडं बघत होता, राग नसलेल्या नजरेनं. आदिनाथनं तोंड मिटलं.

पंधरा दिवस त्यानं सकाळच्या दोन फेऱ्या सोडून मुलांना पळवलं. विकासनं सांगितल्याप्रमाणं आकाशला उंच चेंडू दिले, इतके की एक चेंडू शकुबाईच्या कढईत पडला. आणि मॅच झाली. चार-शून्य.

शिट्टी वाजल्यावर मुलं खाली बघत गेली. आदिनाथ टपरीवर आला तेव्हा आबा, पप्पू, सगळे होते. त्याला बघून बोलणं बंद पडलं. आपण आत्तापर्यंत काय बोलत होतो, हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं आणि ते वाचायला आदिनाथला चष्मा लागला नाही. कुणी सरकून जागा केली नाही.

बाकाच्या टोकाला बसलेला विकास सरकला.

"बस."

आदिनाथ बसला. शकुबाईनं न विचारता चहा ठेवला.

"सातचं चार केलंस," विकास म्हणाला. "पोरं पळत हुती शेवटपर्यंत."

"विक्या, हरल्यावर तू घरी कसा जायचास रं?"

विकासनं चहा बशीत ओतला. "हिरीला फुटबॉलमधलं काय कळत न्हवतं. दारातनंच विचारायची, किती झालं? म्या म्हणायचो, पाच. ती म्हणायची, हात धुवा." त्यानं बशी खाली ठेवली. "आता कुणी विचारत न्हाई. म्हणून हितं बसतो. हितं शिव्या तरी देत्यात."

आबांनी आपल्या पुढ्यातली भजी विकासकडं सरकवली.

आदिनाथचा फोन वाजला. पवनानगरहून सरुबाई, त्याची बायको. फोन कानाला लावून तो नुसताच बसला. "किती झालं वो?" आतून आवाज येत राहिला. "ऐकताय न्हवं? किती झालं?"

विकासनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"वहिनी, विकास बोलतोय. चार झालं. पर चौथा ऑफसाइड हुता."

"त्ये काय असतं, त्ये घरी येऊन सांगा, भावजी. भाकरी टाकतीया. तुमी दोगंबी या."

विकासनं फोन बंद केला, बराच वेळ हातात धरून ठेवला, आणि मग आदिनाथच्या आधी उठून जीपमध्ये जाऊन बसला.