बत्तीआबांचा नमस्कार

बत्तीआबा सायकलीला नमस्कार करायचे. वर बसलेल्या माणसाला नव्हे, सायकलीला. वर शेंबडं पोर असो नाही तर मोठा वकील असो, पुढचा दिवा पेटलेला दिसला की आबा कट्ट्यावरून उठायचे, दोन्ही हात जोडायचे आणि देवळात लववावी तशी मान लववायचे. पहिल्या दिवशी मी एवढी हबकले की ब्रेक दाबायचा सोडून घंटीच वाजवत बसले. माझ्या आज्याच्या वयाचा माणूस, आणि मला हात जोडतोय! बाई बाई, कुठं फेडू हे पाप!

“आवं आबा, मला कशाला नमस्कार करताय?”

“तुला कोन करतंय गं? दिव्याला केला. तिन्हीसांजंचा दिवा दिसला की हात जोडत्यात, घरात शिकवलं न्हाई व्हय?”

सांगलीत मिरजेच्या रस्त्याला आमची गल्ली जिथं फुटायची, तिथं कडुनिंबाखाली एक दगडी कट्टा होता. दिवस मावळायच्या आधीच आबा तिथं येऊन बसायचे. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला भला मोठा पटका, हातात काठी. दिवा असेल त्याला नमस्कार, नसेल त्याला काठी आडवी. बिनदिव्याची सायकल ते नुसत्या चेनच्या आवाजावरून ओळखायचे. आणि काठी आडवी म्हणजे खरोखरच आडवी! दोघं-तिघं तर सायकलीसकट गटारात गेले. मी ओरडले, “आबा, मरतील की हो पोरं!” तर शांतपणे म्हणतात कसे, “दिवा असता तर काठी दिसली असती.” आता या माणसापुढं काय बोलायचं, सांगा.

“आधी उजेड पाडा, मग पुढं जावा,” हे त्यांचं पेटंट वाक्य. एका नव्या फौजदारानं सायकलवरून जाताना आबांचा नमस्कार घेतला. म्हातारा आपल्याला बरा मान देतोय, असं वाटून तो खूश झाला आणि मिशीवरून हात फिरवत गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या दिव्यात रॉकेल नव्हतं. काठी आडवी. “म्हाताऱ्या, कालच तर नमस्कार केलास मला!” “काल दिव्याला केला हुता, साहेब. आज दिवा न्हाई. आधी उजेड पाडा.” फौजदाराला उजेड पाडायला सांगणारा हा जगातला पहिला माणूस असेल. आता आबा आत जाणार म्हणून मी डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा फौजदार सायकल हातात धरून पायी चालला होता.

दिव्याखालोखाल आबांना काळजी पोरांच्या डोक्यांची. तेव्हा कॉलेजच्या पोरांत बोडक्यानं हिंडायची नवी टूम निघाली होती. दिवस असेपर्यंत आबा त्यांना थांबवून विचारायचे, “डोस्कं फुटल्यावर भांग कुठं पाडणार, गड्या?” एकानं ऐटीत खिशातली गांधी टोपी काढून घातली. “ह्या टोपीनं देश वाचंल, टाळकं न्हाई वाचत,” म्हणून आबांनी स्वतःचा पटका सोडला आणि भर रस्त्यात त्याच्या डोक्याला गुंडाळला. पोरगं रडकुंडीला आलं.

मला वाटलं, आपण बाईमाणूस, आपण सुटलो. कसली सुटते! एका संध्याकाळी आबांनी माझ्या हातात चुंबळ ठेवली. होय, चुंबळच, पाण्याची घागर डोक्यावर घेताना बायका खाली ठेवतात ती.

“पदराखाली घाल. पडलीस तर टाळक्याला लागायचं न्हाई.”

“आबा! लोक काय म्हणतील?”

“लोकांचं डोस्कं हाय का तुझं?”

आणि मी मुकाट्यानं घातली की! माझं मलाच आश्चर्य वाटतं. मिरजेच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण, आणि डोक्यावर पदराखाली चुंबळ. वर्गातल्या पोरींना वाटायचं, बाईंचा अंबाडा भलताच मोठा आहे.

लढाईचे दिवस होते ते. साखर, रॉकेल, सगळं रेशनवर. बाईनं सायकल चालवणं म्हणजे तर गल्लीला तमाशाच. पण आमचे वडील, दादा, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, त्यांनी मला शिकवलं, नोकरीला जाऊ दिलं आणि सायकलही घेऊन दिली. अट मात्र पलटणीतलीच: “तुझ्याबद्दल एक वाईट रिपोट आला, की सायकल जमा आणि नोकरी बंद. दुसरा रिपोट यायची वाट बघायचो न्हाई.” सायकल गेली की शाळा गेली, आणि शाळा गेली की आत्याच्या पुतण्याशी लग्न. तो पुतण्या मी पाहिला होता. म्हणून मी जिवापाड जपून चालवायची, वात कातरायची, काच पुसायची आणि गल्लीच्या तोंडाशी आले की आबांच्या परीक्षेला उतरायची.

ही परीक्षा म्हणजे आणखी एक तऱ्हा. शेवटची सायकल आली असं वाटलं की आबा तिचं हँडल धरायचे. “चल, चालताना दिवा हिंदकळतोय का बघू.” मग आपण सायकल ढकलत चालायचं आणि आबांनी हँडलला हात लावून शेजारून, थेट त्यांच्या घराच्या पायरीपर्यंत. तिथं निकाल: “पास.” मिरजेहून परतणारी बहुतेक मीच शेवटची, म्हणून रोज माझी परीक्षा. मला वैताग यायचा. दिवसभर पोरींच्या परीक्षा घ्यायच्या आणि संध्याकाळी आपली द्यायची!

एकदा अशीच परीक्षा चालली असताना नदीकडून वाऱ्याचा झोत आला आणि दिवा गेला. आली का पंचाईत! आता आबा गल्ली डोक्यावर घेणार, दादा ऐकणार, रिपोट लागणार. मी श्वास रोखून उभी राहिले. पण आबा ओरडले नाहीत. जागच्या जागी थांबले. हँडलवरचा त्यांचा हात चाचपडत माझ्या मनगटावर आला आणि त्यांनी ते घट्ट धरलं.

“दिवा गेला व्हय गं?”

“व्हय. पण आबा, पायरी ही काय समोर.”

“कुठं?”

आभाळात अजून चांगला उजेड होता. मला त्यांच्या दाराची कडी दिसत होती, पायरीवरचं मांजर दिसत होतं.

“दिवस बुडला की मला काय दिसत न्हाई, पोरी,” आबा हळू आवाजात म्हणाले. “नुसता दिवा दिसतो. जे दिसतंय त्याला हात जोडायचे न्हाईत तर कुनाला?”

अख्ख्या रस्त्याची झडती घेणारा हा माणूस रातांधळा! रोज परीक्षा म्हणून मी यांना घरी पोचवत होते आणि मला पत्ताच नव्हता.

“कुनाला बोलू नगंस. लेकाला कळलं तर धरून न्हेईल पुन्याला. हितल्या भिंती मला पाठ हायत. तितं मी खरा आंधळा हुईन.”

मी शब्द दिला आणि हात धरून त्यांना पायरीपर्यंत नेलं.

नेमकी तेव्हाच आमची शेजारीण गंगूमावशी परसातून बघत होती. तिला लांबून, पाठमोरं दिसलं ते एवढंच, की हवालदाराची लेक तिन्हीसांजेला, दिवा मालवून, कुणा पटकेवाल्या बाप्याचा हात धरून चाललीय. अर्ध्या सांगलीच्या डोक्याला पटका! मी घरात पाय ठेवायच्या आत रिपोट पोचला होता.

“कोन हुता?” दादांनी विचारलं.

मी गप्प. दादांनी पुन्हा विचारलं. मी गप्पच. त्यांचा चेहरा असा उतरला की त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मला झालं. सायकल गोठ्यात गेली आणि कुलपाची किल्ली दादांच्या खिशात. “उद्या शाळेला जायचं न्हाई,” एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी मी घरातच. आत्याला निरोप धाडायची भाषा सुरू झाली होती. मी चुलीपुढं बसून आतल्या आत रडत होते. आबांचं नाव सांगून टाकावं असं दहादा ओठावर आलं आणि दहादा गिळलं. संध्याकाळी दिवे लागले, गंगूमावशी आणखी माहिती पुरवायला येऊन बसली, आणि दारात धप्पकन आवाज झाला.

बत्तीआबा. पटका सुटलेला, धोतर गटाराच्या चिखलानं भरलेलं, गुडघ्यातून रक्त. एका हातानं चौकट धरून उभे. काठीही कुठंतरी पडलेली.

“हवालदार, हायसा का घरात?” दादा समोरच उभे होते.

“ह्यो काय मी, आबा. काय झालं हो?”

“पोरगी आली न्हाई म्हनून पोरांना विचारलं, तर त्यांनी सायकलीचं सांगितलं. काल तिचा हात मी धरला हुता. दिवेलागनीनंतर मला दिसत न्हाई. तुमच्या पोरीच्या दिव्यानं घरी जातो मी रोज. तिची सायकल सोडा.”

गंगूमावशीचा तोंडाला लावलेला पदर तोंडालाच राहिला. दादा खाली बघायला लागले. मी हुंदका दिला तो सगळ्यांनी ऐकला.

“आवं, पर कवापासनं हे?” दादांनी विचारलं.

“लय वर्सं झाली. पर घरची मालकीन हुती तवर कुनाला कळलं न्हाई. ती म्होरं चालायची, बोलत बोलत. मी तिच्या आवाजामागनं. सगळी गल्ली तिला वटवटी म्हनायची, पर माझ्यासाठी बोलायची ती. गटार आलं की आवाज चढवायची.”

दादांनी खिशातली किल्ली काढून माझ्या हातात दिली. “सकाळी काच पूस दिव्याची,” म्हणाले आणि आबांचा गुडघा धुवायला पाणी आणायला स्वतः गेले.

आबा निघाले तेव्हा कंदील घेऊन माझी आई उठली. लग्न होऊन आल्यापासून आई कधी वडीलधाऱ्या पुरुषापुढं तोंड उघडून बोलली नव्हती. गल्लीत तर तिचा आवाजच कुणाला ठाऊक नव्हता. तिनं पदर नीट पुढं ओढला, पायरी उतरली आणि मोठ्यानं बोलायला लागली. आज डाळ कशी शिजता शिजली नाही, म्हशीनं लाथ कशी मारली, जोंधळ्यात खडे किती निघाले. मी आणि दादा दारात थक्क होऊन ऐकत राहिलो. गटारापाशी तिनं आवाज चढवला.