काटेवाडीकर मामांची नरसिंहपूर स्वारी

श्रीनरसिंहाचे पायी माथा टेकून लिहिणार लिहितो की, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, चैत्र वद्य पंचमीचे दिवशी मौजे काटेवाडीहून राजश्री ऋषिराज मामा यांची स्वारी नरसिंहपुरी निघाली, तिची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. मीठमसाला घातला तो चवीपुरताच.

कारण मोहिमेचे ऐसे की, मामांची धाकटी बहीण सोनम इची कन्या छकुली, उमर अकरा महिने, इचे जावळ देवापुढे काढावयाचे ठरले. आणि जावळ मामाचे मांडीवर काढावे हा पिढ्यांचा दस्तूर. बाराचे आत मामा न पोचल्यास सोनमचे चुलतदीर यशराज मांडी देणार, ऐसा करार जाहला, आणि हे गृहस्थ आदले दिवसापासूनच कडक इस्त्रीची विजार घालून तयार. बारशासही मामा उशिरा पोचले होते. आता दुसऱ्यांदा चुकले तर मामांस तोंड दाखवावयास जागा नव्हती.

मोटार पांढरी, उमर तेवीस वर्षे. मामा सारथ्यास, मातोश्री प्रयागबाई शेजारी, आणि पिताश्री गेणबा आबा मागे आहेराचे गाठोडे सांभाळीत, ऐसी फौज भवानीनगर, लासुर्णे हा मुलूख मारीत चालली, आणि मग निमगाव केतकीचे अलीकडे मोटार धापा टाकू लागली, आणि मग दोन आचके देऊन रस्त्यातच बसली. घड्याळी साडेनऊ जाहले होते.

मसलतीस वाटसरू आपखुशीने जमले. आबांनी पेट्रोलवर ठपका ठेविला, केळीचे टेम्पोवाल्याने बॅटरीवर, आणि जो तो ऐसे बोले की जणू मोटार त्यानेच घडविली. मग सर्वांनी धक्का देऊन ती चाँदभाईंचे पत्र्याचे शेडात नेली. चाँदभाई म्हणजे जुन्या मोटारींचे हकीम. त्यांनी प्रथम पुसले की दिवा कोणता लागला? मामांनी आईची शपथ घेऊन सांगितले की एकही नाही.

"दिवा खोटं बोलत न्हाय," ऐसे म्हणून चाँदभाईंनी प्लग काढिले, पेट्रोलची नळी फुंकिली, बॅटरीची टोके घासली. मोटार दोनदा सुरू जाहली आणि दोनदा मेली. तासभर ऐसा गेला. तो सोनमचा फोन आला की न्हाव्याने वस्तरा पाजळिला आणि यशराज पाटाशेजारी येऊन बसले. मामांचे डोळे भरून आले, आणि ते ग्रीसचे हाताने पुसल्यामुळे चेहरा काळा जाहला.

इतक्यात मातोश्रींनी मोटारीत बसून पदराने घाम पुसला, त्यासरशी कपाळाची टिकली गेली. बाईंचा रिवाज ऐसा की, उतरविलेली टिकली घरी आरशावर आणि प्रवासात मोटारीचे मीटरचे काचेवर लावावी. तेथील एक टिकली त्यांनी नखाने सोडविली, तो तिचेखाली लाल दिवा ढणढणीत जळत होता.

"मावशी, ह्यो इंजान तापल्याचा दिवा हाय," चाँदभाई हळूच म्हणाले.

"मला काय ठावं? काचंवरच लावत्यात टिकल्या," मातोश्रींनी फर्माविले.

मग चाँदभाई मोटारीचे तोंडाशी वाकले. दसऱ्याचा हार हाताने काढू नये, तो आपसूक गळावा, हाही बाईंचाच कायदा. सबब पुढील जाळीत तीन दसऱ्यांचा झेंडू ठासून बसला होता आणि इंजिनास वारा ऐसा मिळत नव्हता. पाटीभर निघाला. आबांनी तो निर्माल्य म्हणून पिशवीत भरिला, मोटार निवविली, रेडिएटरात पाणी ओतिले, आणि स्वारी इंदापुरावरून दौडत सुटली. मामा सारा रस्ता त्या दिव्याकडेच बघत होते, आणि तो दिवा विझलेलाच राहिला.

नरसिंहपुरी बारास चार मिनिटे उणी असता फौज दाखल जाहली. यशराज पाटावर मांडी घालून बसलेच होते.

"भाऊजी, उठा," सोनम म्हणाली. "पाट माज्या दादाचा हाय."

यशराज विजार झटकून उठले आणि मामा बसले, आणि भाची मांडीवर येताच उघड रडले. लिहिणाराही थोडा रडला. वस्तरा चालू असता छकुलीने हात लांबवून आजीचे कपाळीची टिकली ओढिली आणि ती मामांचे काळ्या नाकावर चिकटविली. मामांनी तो शिरपेच मानून काटेवाडीस परत येईतो उतरविला नाही. येणेप्रमाणे फत्ते जाहली असे.