वरकुट्याच्या माळावर शेवटचा कळप

गोष्ट एकोणीसशे शहाण्णवची. त्या साली माघात वरकुट्याजवळच्या वस्तीवर बिरोबाची जत्रा भरली. जत्रेच्या आदल्या सोमवारीच साखरबाईने हंड्यावर कळशी ठेवत तानूबाईला ठणकावून सांगितलं होतं, "माझ्या जोत्याची कॅसेट सगळं गाव आयकंल! नुसतं आयकणार न्हाय, बसल्या जागंवरनं उठंल!"

"उठंल की. उठून घरला जाईल," तानूबाई म्हणाली.

तानूबाई शेजारीण. तिची जीभ म्हणजे धार लावून ठेवलेला अडकित्ता! बोलायची कमी, कातरायची जास्त.

कॅसेटचं नाव 'शेवटचा कळप'. साखरबाईचा जोतीराम पुण्याला डिप्लोमा करायला गेला आणि येताना ड्रमचा अख्खा संच घेऊन आला. तिथल्या तीन मित्रांच्या संगतीने त्याने ही कॅसेट काढली होती. असल्या संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात, असं तो सांगे. साखरबाईला ते ऐकताना वाटे, की कुणीतरी भांड्यांची मांडणी उचलून उसाच्या चरकात घातली आहे. पण पोरगा आपला, म्हणजे भांडीही आपलीच!

गाण्यांतली गोष्ट मात्र तिला आवडायची. सन तीन हजारात सूर्य म्हातारा होतो, पृथ्वीवर गवताची काडी उरत नाही. तेव्हा एक धनगर आपली मेंढरं यानात भरतो आणि कुरण शोधत ताऱ्यांमधून निघतो. सुरुवातीचं बोलणं आबाजींच्या आवाजात होतं. आबाजी म्हणजे साखरबाईचे सासरे. दर जत्रेत देवापुढे बसून भाकणूक सांगायचा मान त्यांचा. पाऊस कधी, पीक कसं, रोगराई येणार का, हे ते सांगत आणि वस्ती त्या बेताने वर्ष काढी. जोतीरामने त्यांना ओट्यावर बसवून, पुढ्यात टेपरेकॉर्डर ठेवून ते शब्द बोलून घेतले होते. आबाजींना त्यातलं काही कळलं नव्हतं, पण नातवाने सांगितलं म्हणून ते खणखणीत बोलले होते.

कॅसेटच्या दोनशे प्रती निघाल्या. बारामतीच्या एका दुकानदाराने पाच ठेवून घेतल्या आणि दिवाळीनंतर सहा परत केल्या! सहावी कुठून आली, हे त्यालाही सांगता येईना. घरी येणाऱ्या पाहुण्याला जोतीराम पहिली बाजू ऐकवायला बसायचा. दुसऱ्या बाजूपर्यंत कुणी टिकलंच नाही. दुसऱ्याच गाण्याला पाहुण्यांना एस.टी. आठवायची, मग ती संध्याकाळची का असेना!

शेवटी पोरगं चिडलं. त्याने कॅसेटी फोडल्या आणि आतल्या फिती आबाजींच्या ज्वारीवर आडव्यातिडव्या ताणून बांधल्या. वारा सुटला की फिती सणसणत आणि पाखरं कणसाला शिवत नसत.

"बघ आये," तो म्हणाला, "पाखरं बी आयकंनात."

एकच कॅसेट वाचली होती. ती साखरबाईने पिठाच्या डब्यामागे दडवली होती. तिथेच तिचा रेडिओवाला टेपरेकॉर्डर असे. दुपारी बायकांचा कार्यक्रम लागला की त्यातलं काही उपयोगाचं असेल ते ती भरून ठेवी.

सोमवारी रात्रीच्या जेवणाला जोतीरामने निकाल दिला. "जत्रंपतुर वाट बघतो. एका माणसानं जरी एक बाजू पुरी आयकली तर ड्रम ठिवतो. न्हायतर जळोचीचा ब्यांडवाला मागतोय, त्याला देऊन टाकतो. माळेगावला मामानं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची नोकरी बघितलीया, तिकडं जातो. पुन्यांदा गाण्याचं नाव न्हाय काढायचं!"

नोकरीला साखरबाईची हरकत नव्हती. पण या पोराची बोटं जन्मल्यापासून स्वस्थ नव्हती. ताटावर, दारावर, म्हशीच्या पाठीवर सारखी वाजत असायची. म्हैससुद्धा त्या ठेक्यावर शेपूट हलवायची! त्या रात्री ताट वाजलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घर कसं मोट थांबलेल्या विहिरीसारखं झालं. साखरबाई चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत नुसती येरझाऱ्या घालत राहिली. भाकरी करपली, दूध उतू गेलं. शेवटी तिच्या डोक्यात बेत शिजला.

जत्रेत आधी ढोल आणि धनगरांचा गजीनाच, मग भाकणूक. मधल्या वेळात आबाजी देवळामागे बसून काढा पीत. या वर्षी तर मानपानावरून दोन दिवस भांडून त्यांचा घसा पार बसला होता, म्हणजे काढा दोन पेले लागणार! साखरबाईने कर्णेवाल्या सोनबाला गाठलं.

"सोनबा भावजी, ढोल थांबलं की ही कॅसेट लावा. आबा काढा पिऊन येईस्तवर एक बाजू सहज हुईल."

"देवाची हाय का?"

"मेंढरांची हाय."

"मग देवाचीच की!" म्हणत सोनबाने कानात कापसाचे बोळे घातले. पंचवीस वर्षं कर्ण्याखाली बसून त्याचे कान हळवे झाले होते.

जोतीराम तोवर ब्यांडवाल्याला आणायला जळोचीला गेला होता. ढोल थांबले. साखरबाईने छातीवर हात ठेवला. आणि तिकडे आबाजींनी, "दोन पेलं काढा पितोय म्हंजे लोक म्हणतील म्हातारा थकला," अशा हट्टाने पेला बाजूला सारला आणि ते थेट देवापुढे जाऊन बसले! रीतीप्रमाणे त्यांनी डोक्यावरून घोंगडं ओढून घेतलं. भाकणुकीला तोंड झाकायची आणि माईक घोंगड्यात घ्यायची त्यांची पद्धतच होती.

त्यांनी तोंड उघडायला आणि सोनबाने कळ दाबायला एकच गाठ पडली.

"आयका गा लेकरांनो, आयका!" चारी कर्णे गरजले. "सूर्य म्हातारा झाला! गवताची काडी ऱ्हायली न्हाय! सात ताऱ्यांच्या वाटंनं लोखंडाचा वाडा खाली उतरंल! मेंढरं गोळा करा, पोरंबाळं उचला, उंचावर चला! मागं वळून बघू नका!"

माणसं घोंगड्याकडे बघत होती आणि आवाज आबाजींचाच होता. कुणाला शंका येणार? खुद्द आबाजींनाही आली नाही! घसा बसलेला असताना आपण इतकं खणखणीत बोलतोय, याचं त्यांना घोंगड्याच्या आत रडू आलं. त्यांनी भरल्या डोळ्यांनी दोन्ही हात वर केले.

"वर दाखवत्यात! माळावर चला!" कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात ड्रम आणि गिटार एकदम सुटले. आभाळ फाटलं तर असाच आवाज होणार! मग काय विचारता! आठशे मेंढरं, चारशे माणसं, तीन ट्रॅक्टर, असतील नसतील तेवढी कुत्री, सगळी वस्ती टेकाडाकडे सुटली. कुणी कोंबड्या काखेत मारल्या, कुणी नवऱ्याला विसरून शिलाई मशीन उचललं. तानूबाईने लोणच्याची बरणी घेतली. नव्या मुलखात कालवण काय मिळतंय कुणाला माहीत!

"अवं थांबा! ती भाकणूक न्हाय, ती आमची कॅसेट हाय!" साखरबाई ओरडत होती. पण त्या आवाजात तिचं ओरडणं म्हणजे वावटळीत शिंक. गर्दीने तिलाही उचलून वर नेलं.

माळावर सगळे दाटीवाटीने बसले. खालून कर्णे वाजतच होते. कुणी बोलेना, कुणी खोकेना. देवाचा सांगावा, त्यातला शब्द चुकला तर? ज्यांना पाहुणे म्हणून दोन गाणी सोसली नव्हती, ती माणसं आता कान टवकारून एकेक ठोका पोटात घेत होती. तिसऱ्या गाण्यात ताल सात मात्रांवरून पाचावर उडाला, तेव्हा एक जुना ढोलवाला मान डोलवून म्हणाला, "ताल लंगडा न्हाय बरं. मेंढरू चालता चालता उडी मारतंय तसा हाय."

साखरबाईला सांगून टाकायचं होतं. तिने दोनदा तोंड उघडलं. "गप गं, आयकू दे!" म्हणून तानूबाईने तिच्या मांडीला चिमटा काढला. खुद्द तानूबाईने! मग कुठल्या आईच्या तोंडून शब्द फुटेल?

इतक्यात ब्यांडवाल्याचा टेंपो घेऊन जोतीराम माळावर पोचला. चेहरा राखेसारखा. "आये, आबा अन् सोनबा सोडलं तर देवळाम्होरं एक माणूस न्हाय! माझी गाणी आयकून गाव पळालं व्हय?"

"पळालं न्हाय रं. बस. आयकत्यात."

तो बसला. आपलीच गाणी तो त्या चारशे माणसांत बसून ऐकू लागला. शेवटचं गाणं कोकराला निजवायचं होतं, हळू. तानूबाईने पदर डोळ्यांना लावला. गाणं संपलं आणि साखरबाईने हळूच बघितलं, तर जोतीरामची बोटं बरणीच्या झाकणावर वाजत होती.

खाली सोनबाने इमानेइतबारे कॅसेट उलटी केली. माणसं लांब बसलेली बघून त्याला वाटलं होतं, आवाज मोठा म्हणून लांबून ऐकतायत!

"आता वाडा उतरायचा," कुणीतरी कुजबुजलं. कर्णा खरखरला आणि एक गोड, शहरी बाईचा आवाज माळभर पसरला:

"कारली स्वच्छ धुऊन, बिया काढून, त्यांना मीठ चोळून अर्धा तास ठेवावं."

वस्ती एकमेकांकडे बघू लागली. "कारली? आता कारली कुठनं आणायची?" एका म्हाताऱ्याने खरोखरच घाबरून विचारलं.

"आये!" जोतीराम ओरडला. "दुसऱ्या बाजूला माझी चार गाणी हुती!"

"मला काय ठावं, बाबा!" साखरबाईचा आवाज बरणीत बसेल इतका बारीक झाला. "त्या बाजूचं कधी काय आयकूच आलं न्हाय, मला वाटलं कोरी हाय! वरच्या कडंला खाच हुती, टेप भरून घीना, म्हणून तितं कागदाचा बोळा कोंबला अन् भरलं!"

मग सगळं बाहेर आलं. एकच कालवा झाला! आबाजी काठी टेकत वर आले, पण घसा बसलेला, त्यामुळे शिव्यासुद्धा हातवारे करूनच द्याव्या लागल्या. ब्यांडवाला म्हणाला, "चला, ड्रम टाका टेंपोत, मला उशीर हुतोय." कुणी म्हणे कॅसेट जाळा, कुणी म्हणे साखरबाईला देवापुढे नाक घासायला लावा. त्या सगळ्या गोंधळात तानूबाई उठली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या! त्या मेंढरांचं फुडं काय झालं? गवत घावलं का न्हाय?"

सगळ्या माना जोतीरामकडे वळल्या. चारशे माणसांना एकदम तेच विचारायचं होतं!

जोतीरामने ब्यांडवाल्याकडे बघितलं. "मालक, ड्रम मिळायचं न्हायत," तो म्हणाला. मग ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बोटांनी ठेका धरून त्याने उरलेली गोष्ट तिथेच सांगितली, मध्ये मध्ये गाऊन. जुन्या ढोलवाल्याने ढोल आणवला. दिवस कलला तेव्हा कळपाला गवत घावलं, आणि मगच वस्ती खाली उतरली.

जोतीराम पुढे माळेगावला वजनकाट्यावर लागला तो लागलाच. ड्रम मात्र घरीच राहिला. ब्यांडवाल्याने नंतर दुसरा घेतला. आबाजी आणखी सात वर्षं जगले, पण पुढच्या प्रत्येक भाकणुकीला कुणीतरी आधी घोंगड्याचं टोक उचलून त्यांचे ओठ हलतात का ते बघायचं. सोनबाच्या मुलाने डीजे काढला. सोनबाने कापूस वाढवला. तानूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिली, की लोणच्याची बरणी तिने मुद्दामच नेली होती. ज्वारीवरच्या फिती दोन उन्हाळ्यांत विरून गेल्या.

मागच्या साली पुण्याचा एक मुलगा जुन्या कॅसेटी शोधत वरकुट्याला आला. ती एकुलती एक कॅसेट त्याने दोन्ही बाजूंनी उतरवून घेतली आणि इंटरनेटवर जगभर ऐकायला ठेवली. परवा त्याचा फोन आला. "आजी, परदेशातले लोक म्हणतात, दुसरी बाजू फारच गूढ आहे. त्या बाईंच्या कारल्याचा नेमका अर्थ काय?"

साखरबाईने पदर सारखा केला, दाराशी कुणी ऐकत नाही ना ते बघितलं आणि हळूच सांगितलं, "बिया काढायच्या, बाबा. न्हाय काढल्या तर कडू लागतंय."