बारा तासांची शेगडी

तीस वर्षं एसटीच्या डेपोत इंजिनं खोलून जोडणाऱ्या माणसाला एक शेगडी पेटवता येत नाही, असं बोरी अरबमध्ये कुणी म्हटलं असतं, तर विठ्ठलरावांनी त्याला अंगणातूनच परत पाठवलं असतं. मुलगी अर्पिता नागपूरहून ती लोखंडी शेगडी घेऊन आली, तेव्हा ते म्हणाले, "तू जाय निवांत. हिच्यासंगं आलेलं पुस्तक मी पाठ करतो."

शेगडी धूर जाळणारी होती. आत भाजलेल्या मातीची एक जाळी. ती तापेपर्यंत धूर सरळ धुराड्यात सोडणारी वरची दांडी उघडी ठेवायची, उष्णतेचा काटा खुणेवर आला की लावायची. मग जाळी धूरच जाळते आणि एका भरणीची लाकडं बारा तास पुरतात. सगळं कोकिळाबाईंसाठी होतं. नाव कोकिळा, पण चाळीस वर्षं चुलीपुढे बसून छातीचा पार भाता झालेला. गॅस आला तरी भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. अर्पिताने बजावलं होतं, "या हिवाळ्यात घरात धूर झाला, तर आईला मी नागपूरला नेणार." विठ्ठलरावांना धास्ती त्याचीच होती. बायकोशिवाय त्यांनी एकही हिवाळा काढला नव्हता.

रविवारी सकाळी ते बाभळीची वाळकी लाकडं घेऊन आले, तर शेगडी पांढऱ्या मातीने पोतारलेली.

"हे काय केलं वं?"

"बिनपोतारल्या चुलीत विस्तव घालते का कोनी? मांगूनही पोतारली. अर्धवट नाही ठेवली."

विठ्ठलरावांना कौतुकच वाटलं. हवेची भोकं मागच्याच बाजूला आहेत, हे पाठ केलेलं पुस्तक नेमकं तेव्हा आठवलं नाही.

पेटवून अर्धा तास झाला, तरी काटा हलेना. "लाकूड ओलं असन," म्हणून त्यांनी तुराट्या कोंबल्या. त्याही नुसत्या धुमसत राहिल्या.

"अवो, पुस्तक पाहा ना."

"इंजिनं काय पुस्तक पाहून खोलली म्या?"

धीर सुटला आणि काटा खुणेवर यायच्या आतच त्यांनी दांडी लावून टाकली. धूर शेगडीच्या काचेच्या दाराच्या फटींतून स्वयंपाकघरात आला. घाबरून त्यांनी तेच दार उघडलं, तशी आत हवा शिरली आणि तुराट्यांनी भपकन पेट घेतला. कोकिळाबाई खोकत खोकत उंबऱ्यावर बसल्या. शेजारचे धरमसिंग बादली घेऊन धावत आले आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी ती तापलेल्या शेगडीत रिकामी केली. काच गेली. जाळीचे तुकडे राखेत पडले.

"घर वाचलं," धरमसिंग समाधानाने म्हणाले.

शेगडी निवल्यावर विठ्ठलरावांनी तिच्यामागे हात घालून पाहिला. बोटाला वाळलेली माती लागली. खरवडली तसं एकेक भोक उघडं झालं.

"माह्यामुळं झालं का जी हे?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"नाही. लाकूडच ओलं होतं."

दुसऱ्या दिवशी अर्पिता आली आणि आईला घेऊन गेली. बापालाही चला म्हणाली, पण शेगडी दुरुस्त केल्याशिवाय ते कसले हलतात!

आठवड्याने नवी काच आणि जाळी आली. आता शेगडी अशी चालते, की पुस्तक लिहिणाऱ्याने येऊन पाहावं. काटा खुणेवर, धुराचा पत्ता नाही, आणि बारा तास पाणी उकळतं ते एका माणसाच्या आंघोळीचं.

रोज सकाळी नागपूरहून फोन येतो. आधी खोकला, मग प्रश्न. "चूल पोतारली का?"

"पोतारली," विठ्ठलराव सांगतात. आणि फोन ठेवून, मागची भोकं सोडून, पोतारायला बसतात.